सातव्या वाणाचे खुंट

मेलेसिया उर्बिना मीठ विकत घेते तेव्हा पुडी दुकानातच फोडून चिमूटभर जिभेवर ठेवते. तिच्या सरपणाच्या प्रत्येक ओंडक्यावर कोयत्याच्या दोन खाचा असतात. शेजारणीच्या चुलीपाशी तशी खाच दिसली तर ती भांडत नाही. फक्त त्या घरी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसते आणि कॉफी दोनदा मागते. लोमा पेलादा ही योरोच्या डोंगरातली तीस घरांची वाडी. तिथं एखादी वस्तू सापडेनाशी झाली की लोक म्हणतात, "मेलेसियाला विचारा. तिनं पाहिली नसेल तर ती नव्हतीच."

या संशयाला एक सुरुवात आहे. मेलेसिया चौदा वर्षांची असताना हॅट घातलेला एक माणूस कृषी केंद्रातून आलोय म्हणून आला. तिच्या आईकडचा लाल घेवडा त्यानं हातात घेऊन पाहिला, तपासणीसाठी म्हणून दूधभुकटीचा डबा भरून घेतला आणि महिन्याभरात कागद घेऊन येतो असं सांगून गेला. आई तीन वर्षं डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला त्याच्याबद्दल विचारत होती. "बिया गेल्या त्या गेल्या," मेलेसिया आजही सांगते, "डबासुद्धा चांगला होता."

ती आता एकसष्ट वर्षांची आहे. नवरा गेला, दोन्ही मुलगे सान पेद्रो शहरातल्या कारखान्यांत. तिच्याकडे जमीन आहे ती वाडीच्या वरच्या अंगाला, लाल उताराची. त्या उतारावर नेचे उगवतात, आणि तेही पिवळे. घेवडा टोकला तर वीतभर वाढतो, चार शेंगा धरतो आणि माघार घेतो. वाडीतल्या शेतकऱ्यांच्या संशोधन समितीला नवे वाण करून बघायला सर्वांत नापीक तुकडा हवा होता, तेव्हा कोणाला फार विचार करावा लागला नाही.

समितीत मेलेसिया धरून सात जण. प्रमुख क्लेओफेस बोनिया, मेलेसियाच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता. मुलाच्या बारशापासून ती दोघं एकमेकांना कोमाद्रे आणि कोम्पाद्रे म्हणतात. या नात्यात अहोजाहो सुटत नाही. भांडायचं तेही अहोजाहोतच. दुसरी महत्त्वाची बाई गुमेर्सिंदा, कोंबड्या पाळणारी, बोलायला सैल. आणि पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकलवरून येणारी कृषी केंद्राची इंजिनिअर सोइला पागुआदा. ती वाडीची नव्हे, म्हणून समितीत तिला मत नाही.

सोइलानं बारा कापडी पिशव्या आणल्या होत्या. प्रत्येकीवर फक्त आकडा.

"नावं का नाहीत?" मेलेसियानं विचारलं.

"नाव दिलं की माणूस आधीच आवडता-नावडता ठरवतो, मेलेसियाबाई."

"म्हणजे काय देताय ते आम्हाला कळू नये, असंच ना?"

"मलाही माहीत नाही. कोणत्या पिशवीत काय, ती यादी केंद्रात आहे."

"मग तर झालंच," मेलेसिया म्हणाली आणि तिनं बाराही पिशव्या हुंगून बघितल्या.

सोइलानं समजावलं ते थोडक्यात असं: या लाल मातीत पिकाचं अन्न नाही असं नाही. आहे, पण माती ते मुठीत आवळून बसते. वर खत टाकलं तर त्यातलंही निम्मं तीच आवळते. तेव्हा मातीशी झोंबू शकतील अशा मुळ्यांची झाडं शोधायची. पिशव्यांतले वाण अजून पक्के झालेले नव्हते; एकाच पिशवीतली भावंडं एकसारखी निघतीलच असं नव्हतं. क्लेओफेसच्या ओढ्याकाठच्या सपाट रानात, गुमेर्सिंदाच्या मधल्या शेतात आणि मेलेसियाच्या उतारावर प्रत्येक वाणाची दोनशे झाडं लावायची, शेजारी वाडीचा जुना घेवडा. मेलेसियाच्या तुकड्यासाठी नियम एकच होता: शेण नाही, राख नाही, पोत्यातलं खत नाही. काहीही घातलेलं आढळलं तर त्या वाणाचं बी बाद, म्हणजे भांड्यात. आणि घालणारा समितीबाहेर.

सप्टेंबरच्या शेवटी टोकणी झाली. नोव्हेंबरात फुलं आली तेव्हा मेलेसियाच्या उतारावर अकरा वाण आणि जुना घेवडा नेच्यांसारखेच पिवळे होते. सातवा हिरवा होता.

बातमी खाली पोहोचायला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी गुमेर्सिंदा सहज म्हणून वर आली. सहज म्हणून तिनं सातव्याच्या बुडाची माती चिमटीत घेतली.

"छान दिसतोय गं."

"दिसू दे."

"माझ्या खुराड्यामागचा खताचा ढीग या वर्षी जरा बसल्यासारखा वाटतो."

"ढिगाला पण तुझ्यासारखा बसायचा कंटाळा येत नसेल," मेलेसिया म्हणाली.

त्या दिवसापासून वाडीला कळून चुकलं की मेलेसियानं सातव्याला कोंबडखत घातलंय. तिला पोतं घेऊन चढताना पाहिलेले दोन जण निघाले. पोत्यात पाइनच्या काटक्या होत्या. पण सरपणाला खाचा पाडणाऱ्या बाईच्या पोत्यात काय आहे हे बघायची हिंमत कोणी केलेली नव्हती, त्यामुळे त्यात काहीही असू शकत होतं. मेलेसियानं खुलासा केला नाही. खुलासा करणारा माणूस तिला स्वतःला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे.

या डोंगरात घेवडा कापत नाहीत, उपटतात. शेंगा वाळल्या की पहाटेच्या दवात, शेंग तडकायच्या आत, सगळे मिळून उपटायला जातात. मुळासकट आलेल्या झाडांच्या पेंढ्या बांधून वळचणीला उलट्या टांगतात, मुळं वर, शेंगा खाली. पुढच्या वर्षीचं बी यातूनच निघतं. उपटताना जे झाड बुडाशी मोडतं, ते लंगडं. लंगड्याचं बी लंगडं, असं मानतात. त्याच्या शेंगा बाजूला ढीग करून टाकतात आणि तो ढीग उपटणाऱ्यांचा हक्क: त्याच दुपारी तो शिजतो, अंडं फोडून रस्सा होतो, मक्याच्या भाकरीबरोबर सगळे जेवतात, उरलेलं वाटून नेतात. हे कोणी ठरवलं ते कोणाला माहीत नाही. मोडणारं झाड नाजूक, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. क्लेओफेसच्या रानातली उपटणी आधी झाली होती, आणि त्यानं वहीत सातव्यापुढे लिहिलं होतं: मान नाजूक, मोडतो, सव्वा पौंड.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेलेसियाच्या उतारावर उपटणी झाली. सातव्याच्या ओळींत आल्यावर कटाकट आवाज सुरू झाले. गुमेर्सिंदानं एक झाड दोन्ही हातांनी धरलं, मागं झुकली, आणि खोड हातात घेऊन मागच्या मागे बसली.

"याचे तर दात आहेत मातीत!"

"हळू ओढ," मेलेसिया म्हणाली.

"हळू ओढलं तर तो मला ओढतोय."

मोडक्यांचा ढीग वाढत गेला. मेलेसिया पेंढ्या बांधायची थांबली आणि उपटणाऱ्यांचे हात बघू लागली. दोनशेतली पंचेचाळीस झाडं तेवढी मुळासकट आली. तिच्या हिशेबानं याचा अर्थ सरळ होता: लोक मुद्दाम मोडत होते. जितकं मोडेल तितकं दुपारी ताटात. तिनं कोणाला काही म्हटलं नाही. मोडक्यांचा ढीग तिनं ताडपत्रीत बांधून घरात नेला, आणि चुलीवरच्या भांड्यात गेल्या वर्षीचा घेवडा टाकला.

जेवताना क्लेओफेसनं पहिला घास घेतला आणि भाकरी खाली ठेवली.

"कोमाद्रे, नवा घेवडा आहे ना हा?"

"नवा नाही तर काय माझ्या लग्नातला?"

"शिजायला वेळ लागलाय, म्हणून विचारलं."

"उताराचा आहे. सपाटीवरच्यासारखा लाडावलेला नाही."

मोडक्या झाडांचं बी मेलेसियानं वेगळं झोडपलं, वेगळं तोललं आणि वेगळ्या बाटलीत भरलं. लोकांनी किती लबाडी केली ते तिला तोलून बघायचं होतं. सव्वातीन पौंड भरलं. पेंढ्यांतून आलेलं सव्वा पौंड.

रविवारी प्रार्थनेनंतर समिती शाळेच्या खोलीत बसली. क्लेओफेसनं तिन्ही शेतांचे आकडे वाचले. सातवा: त्याच्या रानात सव्वा पौंड, गुमेर्सिंदाकडे एक. मग मेलेसियाकडे बघितलं.

"साडेचार," मेलेसिया म्हणाली.

हा आकडा तिनं का सांगितला, हे तिला अजूनही नीट सांगता येत नाही. कमी सांगितला असता तर कोणीतरी पकडलं असतं, असं ती म्हणते.

गुमेर्सिंदा हसली.

"ओढ्याकाठी सव्वा आणि टकल्या उतारावर साडेचार! माझ्या कोंबड्यांना बक्षीस द्या रे कोणीतरी."

"कोमाद्रे," क्लेओफेस म्हणाला, "मी आरोप करत नाही. फक्त विचारतो. काही घातलं होतंत?"

"नाही."

"मग हे आलं कुठून?"

मेलेसियाकडे उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं. साडेचारांतले सव्वातीन मोडक्यांचे, असं म्हणायचं तर उपटणाऱ्यांच्या हक्काचा ढीग घरात दडवून त्यांना जुना घेवडा वाढला, हेही म्हणावं लागलं असतं. आणि ते सगळे उपटणारे समोरच बाकांवर बसले होते. खत घातल्याचा आळ आला तर तिची समिती सुटत होती आणि बी भांड्यात जात होतं. ढिगाची गोष्ट निघाली तर पुढच्या वर्षी तिच्या शेतात उपटायला कोणी चढलं नसतं. एकट्या बाईला उतारावरचा घेवडा एका पहाटेत उपटता येत नाही.

सोइला म्हणाली की माती तपासायला पाठवता येईल. दीड महिन्यात कागद येतो.

"शहरातून कागद?" मेलेसिया म्हणाली. "माझ्या आईनं पाहिली त्याची वाट."

"मग तुम्हीच सांगा, काय करायचं," क्लेओफेस म्हणाला.

"खणा. सगळ्यांनी या आणि खणा. कोंबडखत हुंगायला इंजिनिअर लागत नाही, गुमेर्सिंदा पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती कुदळी आणि पहार घेऊन उतारावर गेली. मेलेसिया सर्वांत पुढे होती. क्लेओफेसनं सातव्याच्या पहिल्या ओळीत पहार घातली, मातीचं ढेकूळ वर काढलं, फोडलं. आतून बाहेरून लाल. गुमेर्सिंदानं हुंगलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, थुंकली. तिसऱ्या खड्ड्याला ती म्हणाली, "नाही बाई. यात काहीच नाही. याहून चांगली माती माझ्या घराच्या भिंतीत आहे."

मेलेसियानं हात कमरेवर ठेवले. पण क्लेओफेस उठला नव्हता. तो ओळीवर ओणवा होऊन बोटानं काहीतरी मोजत पुढे सरकत होता. ओळ संपल्यावर तो दुसऱ्या ओळीला लागला.

"कोमाद्रे," तो न बघताच म्हणाला, "इथं खुंट आहेत."

"असणारच. मोडले ना तुम्ही लोकांनी."

"दोन ओळींत शहात्तर. चार ओळींत दीडशेच्या वर. म्हणजे दीडशे झाडं मोडली." तो सरळ झाला. "दीडशे झाडांचा रस्सा आम्हाला दोन वेळ पुरला असता. त्या दिवशी आम्ही काय खाल्लं?"

स्वतःच मागितलेल्या खणण्यात हे निघेल असं मेलेसियाच्या डोक्यात आलं नव्हतं. मातीत खत नाही एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यावर ती चढून आली होती.

"म्हणूनच!" गुमेर्सिंदा ओरडली. "मी घरी जाऊन म्हटलं, या घेवड्यात किडा आहे! दोन दिवस पोट धरून बसले मी!"

"तुम्ही मुद्दाम मोडत होतात," मेलेसिया म्हणाली.

"आम्ही?"

"खायला मिळावं म्हणून. मी बघत होते. दोनशेतली पंचेचाळीसच आली मुळासकट! एवढी कधी मोडतात?"

"माझ्याकडे याहून जास्त मोडली," क्लेओफेस म्हणाला.

"आणि त्यांचं बी कुठं आहे, कोम्पाद्रे? तोललंत?"

"मोडक्यांचं बी कोण तोलतं? भांड्यात गेलं. तुम्हीच दोन वाट्या घेतल्यात त्यातल्या. वर म्हणालात, मीठ कमी आहे."

कोणीतरी हसलं. सोइला हसली नाही. ती गुडघ्यावर बसली, एका खुंटाभोवती पहारीनं गोल खणून तिनं तो मातीसकट उचलला आणि बाटलीतल्या पाण्यानं धुतला. खोडाच्या बुडाशी मुळ्यांचे चार थर होते, एकावर एक, आडवे पसरलेले, आणि त्यांना इतकी बारीक लव की धुऊनही लाल माती सुटत नव्हती. मग ती जुन्या घेवड्याच्या ओळीत गेली. तिथं खुंट जवळजवळ नव्हतेच; झाडं मुळासकट उपटली गेल्याची गुळगुळीत भोकं होती. शोधून तिला एक खुंट सापडला. त्याला तीन थर होते. वळचणीला टांगलेल्या जुन्या घेवड्याच्या पेंढीतलं एक झाड मेलेसियानं न सांगता आणून दिलं. त्याला एक थर होता, आणि दुसऱ्याची नुसती सुरुवात.

तिन्ही शेजारी शेजारी दगडावर ठेवली होती. क्लेओफेसनं वहीतलं "मान नाजूक" वाचलं, पहिल्यांदा मनात आणि मग मोठ्यानं.

"मान नाही नाजूक," तो म्हणाला. "पाय घट्ट आहेत."

"आपण बी कुठलं ठेवतो?" सोइलानं विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. जी सहज सुटून येतात, त्यांचं. क्लेओफेसच्या आजोबांपासून, त्यांच्याही आधीपासून. जी धरून बसली, ती दरवर्षी त्याच दुपारी शिजली.

सोइलानं खुंट पिशवीत ठेवायला घेतले तसा मेलेसियानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"काय बघायचं ते इथंच बघा."

"केंद्रात दाखवायला हवं, बाई."

"फोटो काढा. फोटोला डबा लागत नाही."

सोइलानं दगडावरच फोटो काढले.

खताचा आळ तिथंच संपला. पण गुमेर्सिंदा हलली नाही. "माझ्या हक्काचा घेवडा?" तिनं विचारलं. "उपटलं मी, आपटले मी. तो ढीग आमचा होता."

आणि ते खरं होतं. रिवाजाप्रमाणे ते सव्वातीन पौंड बी मेलेसियाचं नव्हतंच. सात जणांच्या वाट्याचं जेवण होतं ते. मागितलं तर शिजवून वाढावं लागलं असतं. क्लेओफेसच्या आणि गुमेर्सिंदाच्या शेतांतलं मोडक्यांचं बी केव्हाच पोटात गेलं होतं. सातव्याच्या त्या हट्टी झाडांचं जगात जेवढं बी शिल्लक होतं, ते मेलेसियाच्या एका बाटलीत होतं.

मेलेसिया घरी गेली आणि बाटली घेऊन आली. तोंडावर मेणकापड, त्यावर दोरी, दोरीला तिची स्वतःची गाठ. तिनं ती सगळ्यांसमोर सोडली.

"घ्या," ती म्हणाली. "शिजवायचं तर शिजवा. मी आता काही म्हणणार नाही."

"तुमच्याकडेच राहू द्या," क्लेओफेस म्हणाला. "पुढच्या वर्षी लावू."

"माझ्याकडे राहिलं आणि कमी भरलं तर? पुन्हा पोत्यात काय होतं विचाराल. नको. ज्याचं त्यानं न्यावं."

तिनं लहान वाटीनं सातांना वाटलं, वाटी दर वेळी तळव्यानं सपाट करून. क्लेओफेसनं आपला वाटा रुमालात बांधला. गुमेर्सिंदानं तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला.

"माझा मी खाणार," ती म्हणाली. "हक्क आहे माझा."

"खा," मेलेसिया म्हणाली.

तिनं खाल्ला नाही. पुढच्या सप्टेंबरात तिच्या खुराड्यामागे, खताच्या ढिगापासून मुद्दाम लांब, तीन ओळी सातव्याच्या होत्या. सात घरांत सात तुकडे लागले होते, आणि सातही घरांत दुसऱ्याचा जास्त हिरवा कसा, यावर बारीक नजर होती.

यंदाच्या उपटणीला समितीनं नवा नियम केला: मोडेल त्याचं बी ठेवायचं, सहज निघेल ते भांड्यात. पहाटे सगळे क्लेओफेसच्या रानात होते. कटाकट आवाज येत होते, सातव्याच्या ओळींतून आणि, विशेष म्हणजे, क्लेओफेसच्या जुन्या घेवड्यातूनही. मेलेसियानं आपली पेंढी खाली ठेवली, त्या ओळीत गेली आणि एका खुंटावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या.

"कोम्पाद्रे."

"बोला."

"ओढून मोडलं तर खुंटाला चिंध्या राहतात. हे पिळून मोडलंय."

क्लेओफेसनं हातातलं झाड जरा मागं घेतलं. "आजोबांचं वाण आहे, कोमाद्रे. सगळंच भांड्यात कसं घालू?"

मेलेसियानं त्याच्याकडे बघितलं, मग ओळीकडे. ती खाली बसली आणि पहिल्या खुंटापासून अंगठ्यानं तपासत निघाली. मोडलेली झाडं अजून आपापल्या खुंटाशीच पडली होती; चिंध्या असलेल्या खुंटाशी ती एक काडी रोवत होती. ओळीच्या शेवटापर्यंत नऊ काड्या झाल्या.

"हे नऊ तुमच्या आजोबांचे," ती म्हणाली. "बाकीचे शिजवा. आणि मी समोर बसून बघणार आहे, भांड्यात काय जातं ते."